आदी बघून येतो

आमच्या सासुरवाडीत एकही माणूस आयुष्यात कुठेही पहिल्यांदा गेलेला नाही. पहिल्यांदा जाण्याचा मक्ता माझ्या सासऱ्यांकडे होता. मी त्यांना मामा म्हणायचो. कराडजवळच्या एका साखर कारखान्यात ते फिटर होते. गाळपाआधी ट्रायल घेतल्याशिवाय तिथे चाक फिरत नसे, आणि तोच कायदा मामांनी घरालाही लावला होता. हंगामात डबल पाळ्या करायच्या, वर घरी येऊन म्हशीची धार काढायची, आणि हंगाम सरला की उरलीसुरली ताकद बायकापोरांच्या ट्रायलीत घालायची. माझी बायको सांगलीला कॉलेजात निघाली तेव्हा मामांनी तोच एसटीचा प्रवास आधी तीनदा केला, खाणावळीत जेवून पाहिलं आणि घरी येऊन जाहीर केलं, “आमटी पातळ हाय, पन पोटाला बरी.” मेव्हण्याची सैन्यभरती तर अर्धी त्यांनीच दिली. पन्नाशीत पायजमा खोचून भरतीच्या मैदानावर सोळाशे मीटर पळून आले, दोन दिवस अंथरुणात कण्हत पडले आणि तिथूनच म्हणाले, “दुसऱ्या वळनावर खड्डा हाय. डावीकडनं घे रं, गड्या.” पोरगा भरती झाला. त्या खड्ड्याचं श्रेय मामांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

माझीही ट्रायल झालेली आहे. लग्नाचं बोलणं सुरू होतं तेव्हा साताऱ्याला आमच्या घरी एक अनोळखी गृहस्थ भाड्याची खोली विचारत आले. चहा प्यायले, आईशी गप्पा मारल्या, आणि मोरीतला गळका नळ पाहून त्यांना राहवेना. खिशातून पाना काढला, वायसर बदललं आणि चालते झाले. पुढे आम्ही मुलगी बघायला गेलो तर आई दारातच थबकली. “अगंबाई, हे तर आपले नळवाले!” मामा तसूभरही ओशाळले नाहीत. “आवं, लेक द्यायची म्हंजे बघाया नगं व्हय?” माझी पारख गळक्या नळावरून झाली, याचा मला पुष्कळ दिवस राग होता. मला स्वतःला मुलगी झाली आणि तो राग कुठे गेला ते कळलंही नाही.

गेल्या हिवाळ्यात मामा सकाळी गोठ्यात धार काढता काढता गेले. त्याआधी आठच दिवस मोटारीचा पार्ट आणायला म्हणून सांगलीला जाऊन आले होते. मागे राहिल्या मामी आणि त्यांचे मोतीबिंदू झालेले डोळे. ऑपरेशनचा विषय मामा असतानाच निघाला होता, पण “नावच काढू नगा” म्हणून मामींनी तो बंद पाडला होता. आता डॉक्टर म्हणाले, उशीर केला तर नजर जाईल. मामी हटून बसल्या. “त्यांनी बघून आल्याबिगर मी कवा कुटं गेलीया?” मग डॉक्टरांनी तेव्हाच सुचवलेलं सांगलीचं हॉस्पिटल मीच बघून आलो आणि सगळं सांगितलं. मामींनी शांतपणे ऐकून घेतलं. “जावईबापू, तुमी नुसतं बघून आलासा. ते झोपून बघायचे.”

शेवटी ‘दारातनं परत येऊ’ या बोलीवर त्यांना नेलं. वॉर्डातल्या आयाबाईंनी नाव-गाव विचारलं आणि त्या हसायलाच लागल्या. “कारखान्यातल्या फिटरमामांच्या मंडळी व्हय तुमी? लय येळ वाट बघायला लावलीसा की! मामा सगळ्या खाटांवर झोपून गेल्यात. ही खिडकीकडची तुमची म्हनले. पंखा लय कुरकुरत हुता, तर स्टुलावर चढून त्येल घालून गेले.”

मामी चाचपडत खाटेवर बसल्या. गादीवरून हात फिरवला. “आन मला म्हनले, मोटारीचा पार्ट आनाय चाललोय.” एवढं बोलून त्यांनी पदराने डोळे पुसले आणि पाय वर घेतले. “बोलवा डॉक्टरास्नी.”

दुसऱ्या दिवशी एका डोळ्याची पट्टी सुटली. समोर लेक उभी होती, मी उभा होतो. मामींनी आमच्याकडे पाहिलं नाही. त्या वर पंख्याकडे बघत राहिल्या. तो अजिबात आवाज न करता फिरत होता.