कंडक्टरकाकांचं पत्रक

कंडक्टरकाकांवर मी लिहावं, हे खरं तर बरोबर नाही. त्यांच्यासोबत उन्हात फिरलेली माणसं गावात आहेत. त्यांना लिहायची सवय नाही, एवढंच. मला लिहिता येतं असं सगळे समजतात. त्या समजुतीनंच पुढचं सगळं झालं, म्हणून आधीच माफी मागतो.

काकांची नोकरी बसवर गेली. निवृत्त झाल्यावरही एक सवय सुटली नाही. सगळे बसल्याशिवाय ते स्वतः बसत नसत. लग्नाची पंगत असो, ग्रामसभा असो, मागं वळून बघायचे, कुणी उभं राहिलं का. लहान पोरालाही हात जोडून "शरणार्थ" म्हणायचे. आम्ही त्यांची नक्कल करायचो, तर तेही हसायचे.

ते जिल्हा परिषदेला अपक्ष उभे राहिले तेव्हा गावाला गंमत वाटली. आता सभागृहातही 'पुढं सरका' म्हणतील, असं पारावर बोलणं चालायचं. काका मात्र शिरूर अनंतपाळकडच्या वाड्या-वस्त्यांवर घरोघर जाऊन एकच विचारायचे, "तुमचं एक काम सांगा. दुसरं सांगू नका, मला झेपायचं न्हाई." एका म्हाताऱ्यानं नातवासाठी बायको मागितली. ते खातं जिल्हा परिषदेकडं येत नाही, असं काकांनी त्याला गंभीरपणे समजावून सांगितलं.

सगळ्यांचं ऐकून त्यांनी तीन कामं ठरवली. शाळेतल्या मुलींच्या मुतारीत पाणी. जनावरांच्या दवाखान्यात ठरल्या वारी डॉक्टर. आणि सकाळी साडेसहाला उदगीरची बस. पहिली बस यायची तोवर तिथल्या कॉलेजचे दोन तास संपलेले असायचे. मुलं मोटारसायकलवर तिघं-तिघं जायची, मुली दहावीनंतर घरी बसायच्या. माझी बहीण सुनीता तेव्हा दहावीत होती.

ती तीन कामं तीन ओळींत लिहून काकांनी पत्रक करायचं माझ्याकडं दिलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच; विष्णुपुरीच्या कॉलेजातून सुट्टीला आलो की लोक माझ्याकडं अर्ज वाचायला आणायचे. त्या तीन ओळी वाचून मला लाज वाटली. मुतारी, ढोरं, बस. माझ्या कॉलेजातल्या मित्रांनी हे वाचलं तर काय म्हणतील, असं वाटलं. मी मोबाईलवर दुसऱ्या उमेदवारांची पत्रकं काढली आणि 'सर्वांगीण विकास', 'युवा सक्षमीकरण', 'हायटेक शेती' असं भरगच्च लिहून दिलं.

काकांनी बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं. मग विचारलं, "यात बस कुठं हाय?"

बस जिल्हा परिषदेच्या हातात नसते, असं मी सांगितलं. ते खरंही होतं.

"हातात न्हाई, ठाऊक हाय मला. पण निवडून आलेल्या माणसाला डेपोत खुर्ची देतात. उभ्या माणसाचं कुणी ऐकत न्हाई, बाळा." मी कागद परत घ्यायला हात पुढं केला नाही. तेव्हा तेच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तू शिकलेला हायस, तुला कळत असंल." आणि कागद छापायला गेला.

बाजाराच्या दिवशी मी त्यांच्यासोबत पत्रकं वाटत होतो. भाजीवाल्या मावशींनी नातीकडून ते वाचून घेतलं आणि काकांना म्हणाल्या, "घरी येऊन बसचं बोलला व्हतास की रं. कागदावर तर काईच न्हाई. तूबी त्यांच्यातलाच झालास."

काकांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "कागद लहान पडला, मावशी," म्हणाले आणि पुढच्या टोपलीकडं गेले. त्याच कागदावर निम्मं पान भरून माझी विशेषणं होती.

काका पडले. किती मतांनी, ते मी विचारलं नाही. पुढं ते अर्ज घेऊन डेपोत जात राहिले, आणि उभेच राहत राहिले, असं ऐकलं. बस काही सुरू झाली नाही. सुनीता दहावीला माझ्यापेक्षा चांगल्या मार्कांनी पास झाली आणि घरी राहिली. तिनं मला कधी काही विचारलं नाही. एकदा जाऊन काकांपुढं कबूल करायचं, असं मी प्रत्येक सुट्टीत ठरवायचो. गावात आलो की मात्र त्यांच्या गल्लीनं जायचं टाळायचो.

मागच्या आठवड्यात सुनीताचा फोन आला. काका जाऊन बारा दिवस झाले होते. माझी परीक्षा चालू होती म्हणून आईनं तिला कळवू दिलं नव्हतं. ते अंथरुणाला खिळल्यावर लोक भेटायला यायचे, आणि बोलता बोलता विषय निवडणुकीवर जायचा. तुम्ही पडलात कसे, म्हणून विचारायचे. काकांचं उत्तर ठरलेलं असायचं, ते तिनं मला जसंच्या तसं सांगितलं :

"पोरानं लई चांगलं लिहिलं व्हतं. मलाच ते नीट बोलता आलं न्हाई."