कचेरीच्या दारात माझी विहीण

ये गं, अशी जवळ ये. दोन खेपांत कचेरीला कंटाळलीस म्हणे? शिकलीसवरलेली तू, थोडी लाज वाटू दे! अख्ख्या जालना जिल्ह्यात सरकारला उठाबशा काढायला लावणारी बाई एकच झाली, आणि ती माझ्या लेकीची सासू.

तिच्या एकेक तऱ्हा सांगते. यष्टीत कुणी जागा दिली तरी उभीच राहायची, का तर बसलं की माणूस मऊ पडतं. पिशवीत दोन भाकरी, ठेचा आणि कापसाचा हा एवढा गोळा. सही येत नव्हती, पण कागद हातात घेऊन असा काही निरखायची की समोरचा कारकून आपणहून चूक कबूल करायचा. कचेरीत खुर्ची दिली तर घ्यायची न्हाई. साहेबांच्या खोलीच्या दारातच मांडी घालायची आणि वाती वळायला लागायची. आता बसल्या माणसाला, त्यातून थोरल्या बाईला, ओलांडून कोण जाणार? आतले आत, बाहेरचे बाहेर! कारकून काकुळतीला यायचा, “मावशी, चहाला तरी जाऊ द्या.” ही म्हणायची, “जा की बापा, ओलांडून जा. मी कुठं धरून ठेवलंय?”

सरूसाठी ती अशी बसली, तेव्हा मी संगं गेल्ते. सरू तिच्या शेजारची, पदरात दोन लहान पोरी. नवरा एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात. पाळी सुटल्यावर सायकलीवर येताना कुण्या गाडीनं त्याला उडवलं, आणि पळालेली गाडी सापडलीच न्हाई. अशा वेळी घरच्यांना सरकार मदत देतं, हे विहिणीनं कुठून तरी ऐकलं. तेवढ्यावर पोरींची शाळा टिकणार होती. पण अर्ज परत आला. का? तर दवाखान्यात पोलिसानं विचारलं, “नाव काय यांचं?” आणि सरूनं पदर तोंडात धरून नुसती मान हलवली. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, हे आपल्याला लहानपणापासून भरवलेलं. तो गेला तरी जिभेवर येईना. लिहिणाऱ्यानं लिहून टाकलं, अनोळखी पुरुष.

साहेब म्हणाले, “कागदावर मेलेला माणूस अनोळखी. मंग ही बायको कुणाची? हिनं माझ्यासमोर नाव सांगून जबाब द्यावा, मी पुढं पाठवतो.”

सरू खाली बघत उभी. चार खेपा झाल्या, तरी उभीच. पाचव्या खेपेला विहीण वाती बाजूला ठेवून उठली. दार मोकळं झालं, पण चहाला कुणी हललं न्हाई. चाळीस वर्षांत नवऱ्याला ‘आमचे ते’ याखेरीज काही न म्हटलेली, उखाण्याची वेळ आली की मोरीत जाऊन लपणारी बाई, साहेबांच्या टेबलावर हात ठेवून म्हणाली, “माझ्या मालकाचं नाव रंगनाथ. रंगनाथ! जिते हायेत, घरी म्हशी धुऊन राह्यलेत, तरी घेतलं. तुझ्या धन्याचं आता काय घटणारंय, पोरी? बोल.”

“सुदाम,” सरू म्हणाली. आणि मंग थांबेचना. सुदाम, सुदाम. साहेबांनी स्वतः लिहून घेतलं.

घरी आल्यावर मात्र विहिणीची गाळण उडाली. व्याह्यांच्या तोंडात साखर कोंबली. तीन दिवस ते झोपले की नाकापुढं बोट धरून बसायची. ते वैतागून मला म्हणाले, “विहीणबाई, सांगा हिला, मी बराबर हाय!”

सरूला मदत मिळाली, पोरी शिकल्या. व्याहीही त्यानंतर बारा वर्षं ठणठणीत होते. गेल्या पोळ्याला गेले. सध्या विहीण माझ्याकडंच असते. वाती वळता वळता मधेच म्हणते, “रंगनाथ, चहा घ्या,” आणि कप भरून ठेवते. निवायला लागला की आम्ही दोघी तो अर्धा-अर्धा पिऊन टाकतो.

तर तू उद्या जल्दी ये. तुझे कागद संगं आण. तिचे गुडघे दुखतात, पण दारात बसते म्हणालीय.