न मागितलेली क्षमा

अक्का गेल्याचे मला फोनवर आलेल्या एका संदेशातून कळले. उडणारे पांढरे कबुतर, मागे उगवता सूर्य आणि खाली मजकूर : 'आमच्या प्रिय भगिनी रत्नमाला प्रभूच्या घरी गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी आपले पती बंधू प्रभुदास यांना मनापासून क्षमा केली.' पहिले वाक्य वाचून मी मटकन खाली बसले. दुसरे वाचून उठून उभी राहिले. आदल्या संध्याकाळी तिच्या उशाशी मीच होते आणि दुसरे वाक्य धडधडीत खोटे होते. चारचौघांत बोलण्याचा मला जन्मभर संकोच वाटत आला. लिहिण्याचा सराव तर नाहीच. तरी त्या एका वाक्यासाठी हे लिहिते आहे.

रत्नमाला माझी थोरली मावसबहीण. सोलापुरातली आमची घरे तीन पिढ्या ख्रिस्ती, पण आमच्याकडे विश्वासाचा गाजावाजा नसे. जेवणापूर्वी मान खाली घालावी, रविवारी इस्त्रीची साडी नेसून देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जावे, आणि कुणाचे वाईट केले असेल तर त्याच्या दारात जाऊन तसे सांगावे... एवढाच आमचा धर्म. लहानपणी एकदा अक्काने शेजारच्या मुलीला चोर म्हटले होते. रात्री ती प्रार्थनेला गुडघ्यांवर बसली, तर मावशीने तिला दंडाला धरून उठवले. "देव कुठं पळून चाललाय? आधी तिच्याकडं जा." अक्का रडत गेली, हसत परत आली. क्षमा कशी मागतात आणि कशी देतात, हे तिला त्या दिवशी कायमचे समजले.

पुढे ती वळसंगच्या शाळेत शिक्षिका झाली. प्रभुदासदाजींचे अक्कलकोट रोडला मोटारी दुरुस्तीचे दुकान होते. ते पीत असत. एकदा ताट वाढायला उशीर झाला म्हणून त्यांनी तिच्या कानशिलात अशी भडकावली, की तिचा डावा कान कायमचा गेला. शाळेत तिने कानात पाणी गेल्याचे सांगितले. पोरांना काय समजायचे ते समजले असावे. तिच्या वर्गात डावीकडच्या बाकांवरची मुले आपोआप मोठ्याने उत्तरे देऊ लागली.

मग दाजींचे तारण झाले. शहराबाहेरच्या मैदानावर तीन दिवसांची प्रार्थनासभा होती. दाजी मंडपातला जनरेटर दुरुस्त करायला गेले आणि नवा जन्म घेऊन परतले. त्यांची दारू सुटली, खरोखरच सुटली, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिची जागा माइकने घेतली. दर रविवारी ते सभेत आपल्या पापांची आणि तारणाची साक्ष देऊ लागले आणि साक्षीगणिक त्यांची पापे वाढत गेली. सुरुवातीला एका चपराकीची कबुली होती. वर्ष सरेपर्यंत त्यांनी चाबूकही हाती घेतला होता. पाप जितके भयंकर, तितके तारण देखणे! शेवटी आवाज चढवून ते म्हणत, "मी हिचा कान फोडला, पण प्रभूनं माझे कान उघडले!" टाळ्या पडत. मग अक्काला उभे करत. जादूगाराने करवतीने कापलेली बाई पेटीतून अखंड बाहेर यावी, तशी ती क्षणभर उभी राहून खाली बसे.

घरी तिने एकदाच विषय काढला. दाजी गंभीरपणे म्हणाले, "तो प्रभुदास मेला. मी नवा माणूस आहे."

"मेला? मग मी विधवा हाय की हो," अक्का म्हणाली. "आन् ह्या कोण परक्या गड्याला रोज भाकरी थापून घालतीय मी?"

नव्या जन्माच्या वाढदिवसाला त्यांच्या प्रार्थनामंडळीने केक आणला, वर 'दोन' आकड्याची मेणबत्ती. एका बाईने कौतुकाने विचारले, "सिस्टर, किती बदललेत नाही ब्रदर?"

"लई. पर दोनच वर्षाचं लेकरू हाय. माफी मागायपुरतं बोलता यायचंय अजून."

एका रविवारी मीही सोबत होते. त्या दिवशी मात्र तिला उभे राहायला सांगितले तेव्हा ती बसूनच राहिली. पास्टर तरुण होते, सुगंध लावलेले, नम्र. त्यांनी माइक तिच्यापुढे धरला. अक्का शांतपणे म्हणाली, "ह्यांनी देवाकडं माफी मागितली, तुमच्याकडं मागितली, परवा बार्शीच्या लोकांकडंबी मागून आले. माझ्याकडंच तेवढी राहिलीय. मी घरीच असते की." मागे कुणीतरी फिसकन हसले.

सभा संपल्यावर पास्टरांनी तिला बाजूला घेतले. जो क्षमा करत नाही त्याला देवही क्षमा करत नाही. तेव्हा सिस्टर, तुमचे तारण धोक्यात आहे. म्हणजे ज्या हाताने मारले तो स्वर्गात, आणि ज्या कानावर तो पडला तो नरकाच्या वाटेवर! त्या कोवळ्या मुलाने हे तोंडात पेढा असल्यासारखे सांगितले. अक्का लोकांत थट्टा करी, पण तिची श्रद्धा थट्टेची नव्हती. परतताना रिक्षात तिने माझा हात धरला. "नले, मी खरंच बुडाले तर?" त्या माणसांचे बाकी सारे मी विसरू शकले असते. ही भीती नाही.

शेवटच्या आजारात तिची मूत्रपिंडे निकामी झाली. शेवटच्या संध्याकाळी पास्टर घरी आले. दाजी दारातच थांबले.

"सिस्टर, एकच शब्द. 'क्षमा केली' म्हणा."

"मला द्यायचीच हाय की. कवाची तयार हाय. पर मागितल्याबिगर ठेवू कुणाच्या हातात?" तिने दाराकडे पाहिले. "अहो, या की आत. बारक्या आवाजात बोललात तरी चालंल."

दाजींनी घसा साफ केला. "मी देवाला सगळं सांगितलंय. त्यानं माझी पापं समुद्राच्या तळाशी टाकलीत. आता ती पुन्हा वर काढणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास."

"बरं," अक्का म्हणाली. "मग आता समुद्रालाच इचारा."

एवढे बोलून ती उजव्या कुशीवर वळली. ऐकू येणारा कान उशीत गेला. वर राहिलेल्या मिटल्या कानावर ते दोघे कितीतरी वेळ प्रार्थना करत राहिले... आणि त्यातून सकाळचा तो संदेश जन्माला आला.

स्मरणसभेत दाजींनी तिच्या क्षमेची साक्ष दिली. त्यांच्या सगळ्या साक्षींत ती सर्वांत रंगली, बायका रडल्या. देवाने त्यांना क्षमा केली असेलही, तो त्याचा प्रश्न. परंतु अक्काची क्षमा अक्काच्या हातात होती. ती परस्पर उचलून नेण्याला पश्चात्ताप म्हणत असतील, तर असल्या पश्चात्तापापेक्षा निर्ढावलेपण बरे. ते निदान टाळ्या मागत नाही. अक्का तरली का, हे ठरवणारी मी कोण? पण पुढे केलेला हात तिने अखेरपर्यंत मागे घेतला नव्हता, हे मी पाहिले आहे.

गेल्या आठवड्यात तिच्या साड्या आणायला गेले. तिच्या खोलीत पलंगाच्या उजव्या अंगाला एक वेताची खुर्ची आहे. आजारपणात अक्का त्या खुर्चीवर कुणालाच बसू देत नसे. मलाही स्टूल घ्यायला लावी. "ती असू दे," एवढेच म्हणे. आता तीवर दाजींची बॅग होती. बॅग उचलून ते म्हणाले, "बसा की."

"ती तुमच्यासाठी ठेवली होती, दाजी." माझा आवाज माझा मलाच जेमतेम ऐकू आला.

ते खुर्चीकडे पाहत राहिले. आता बसतील, असे मला क्षणभर खरेच वाटले... मग त्यांनी बॅग खांद्याला अडकवली. "सभेला उशीर होतोय," म्हणाले आणि गेले. खुर्ची तशीच राहिली, पलंगाला अगदी लागून, कुणी नुसते पुटपुटले असते तरी तिला ऐकू गेले असते इतकी जवळ.