सकाळची कंबर

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी माझी कंबर दुखायला लागली. पुढे मुलगी झाली आणि सगळ्यांनी ते दुखणं बाळंतपणावर ढकललं.

सकाळी उठणं कठीण व्हायचं. कुशीवर वळायचं, पलंगाची कड धरायची, मग हळूहळू उभं राहायचं. वाकून चूळही भरता यायची नाही. पण झाडझूड, स्वयंपाक होईपर्यंत कंबर मोकळी व्हायची. हिंदी मुलखातल्या आमच्या लालबागच्या घरातून शाळेत शिकवायला निघायची तेव्हा मी अगदी धडधाकट दिसायची.

"काम करते तेव्हा तर चांगली फिरते तू," सासूबाई म्हणायच्या. "बसली की दुखते, हे कसं दुखणं?"

त्या वाईट नव्हत्या. दुपारी तेल कोमट करून त्याच माझी कंबर चोळायच्या. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मलाही ठाऊक नव्हतं. एक्स-रेत काही नाही, रक्तात काही नाही. एका डॉक्टरांनी माझ्यादेखत नवऱ्याला सांगितलं, "मॅडम टेन्शन बहुत लेती हैं." त्यानंतर मी दुखतंय म्हणणंच सोडलं. मनात मात्र भीती बसली. हे सगळं माझ्या डोक्यातलं तर नाही ना?

मग एका उन्हाळ्यात उजवा डोळा लालभडक झाला. उजेड सहन होईना. डोळे आले असतील म्हणून मेडिकलमधून थेंब आणले, काही फरक पडला नाही. शेवटी नवरा केळीची कटाई गड्यांवर सोपवून मला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी मशीनमधून बराच वेळ पाहिलं आणि एकदम विचारलं, "सुबह उठने पर कमर अकड़ती है क्या?"

कंबरेबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं. मला रडूच फुटलं. नवऱ्याला वाटलं, डोळा झोंबतोय.

त्यांनी आम्हाला इंदूरला संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे एमआरआय झाला. रिपोर्टची वाट पाहत बाकावर बसलो होतो. देवाकडे काय मागावं तेच कळेना.

"घाबरू नको, काही निघणार नाही," नवरा म्हणाला.

"आणि नाही निघालं, तर घरी काय सांगाल?"

तेवढ्यात आतून आमचं नाव पुकारलं.

निघालं. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. आपलीच प्रतिकारशक्ती पाठीच्या सांध्यांवर उलटते, डोळ्याचंही त्यातूनच, असं डॉक्टर म्हणाले. सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसत नाही. समूळ जाणार नाही, पण औषधाने आणि व्यायामाने आटोक्यात राहील. "आराम केला की आखडतं, हालचाल केली की मोकळं होतं," हे वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. नवऱ्याने ऐकावं म्हणून.

घरी आल्यावर त्यानेच आईला सगळं समजावलं. सासूबाई पदराशी चाळा करत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या तेलाने काहीच झालं नसेल?"

"बरं वाटायचं, आई," मी म्हणाले. ते खरंच होतं.

आता सकाळी पूर्वीइतका त्रास होत नाही. पण हे रक्तातून पुढे मुलांतही जाऊ शकतं, असंही डॉक्टर बोलले होते. परवा मुलगी अंथरुणातून उठली आणि दोन पावलं लंगडत गेली.

"काय झालं गं?"

"काही नाही मम्मी, पाय सो गया था."

ती पळत बाहेर गेली. मी तिच्या चालीकडे बघत राहिले.