पेटीवाल्या कंडक्टरबाई

कंडक्टरबाई बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं कमी आणि हाताकडं जास्त बघायच्या. इंदापूर-बारामती गाडीवर सत्तावीस वर्षं तिकिटं फाडलेली बाई. त्या म्हणायच्या, "तोंड खोटं बोलतंय. खिशाकडं जाणारा हात न्हाय बोलत." निवृत्त होऊन त्या आमच्या जळोचीत राहायला आल्या आणि वर्षभरात गल्लीतल्या बायकांची बिनव्याजी पेटी सुरू केली. महिन्याच्या पहिल्या रविवारी विहाराच्या ओसरीत बैठक व्हायची. प्रत्येकीनं दोनशे रुपये टाकायचे आणि जिची पाळी येईल तिनं त्यातून कर्ज घ्यायचं. घेतलं तेवढंच परत करायचं, वर एक रुपया नाही.

माझी आई पेटीत नव्हती. वडील कंपनीत कंत्राटावर होते, महिन्याचे तीस दिवस काम मिळेलच असं नसायचं. आईला मिरची कांडपाचं यंत्र घ्यायचं होतं. उन्हाळ्यात मसाल्याचे दिवस, गल्लीतल्या बायका मिरची घेऊन बारामतीत रांगा लावायच्या. तेच काम घरी केलं तर माझ्या शिक्षणाची सोय होईल, असं तिचं गणित. एका दुकानात 'शून्य टक्के व्याज' अशी पाटी होती. महिना अडीच हजार, बारा हप्ते. आईनं कंडक्टरबाईंना सोबत नेलं, कारण त्यांना घासाघीस चांगली जमायची.

बाईंनी दुकानदाराला एकच विचारलं, "रोख घेतलं तर किती?"

"रोख सत्तावीस हजार," तो म्हणाला.

"आन् हप्त्यानं तीस. फाईलचं काय न्हाय?"

"फाईलचे, म्हणजे कागदपत्रांचे, दीड हजार."

बाई आईकडं वळल्या. "सुमन, साडेचार हजार झालं. ह्याला शून्य म्हणत्यात व्हय?"

आई रिकाम्या हातानं परत आली. वाटेत तिनं बाईंना विचारलं, पेटीतून मिळतील का? बाई म्हणाल्या, "आधी सहा म्हैने बचत. मग पाळी." आई म्हणाली, तोवर हंगाम जाईल. "जाऊ दे. पुढचा येतोय." आईनं आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला. मलाही त्या बाई कठोर वाटल्या. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी आई ओसरीत जाऊन बसली. बाईंनी तिला वर आणखी एक सांगितलं, "दुकानाला अडीच हजार देणार होतीस ना? त्यातलं जमतील तेवढं दर म्हैन्याला ह्यात टाक. मशीन न येता हप्ता भरता येतोय का, ते आधी कळू दे."

तेव्हापासून आई दर महिन्याला हजार रुपये टाकू लागली. दोन महिने तर दूध बंद करून आम्ही कोरा चहा प्यायलो. दिवाळीपर्यंत तिचे दहा हजार जमले, पेटीनं सतरा हजार दिले आणि यंत्र रोखीनं घरात आलं. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या दारात मिरचीच्या पिशव्यांची रांग लागली. आई दिवसभर शिंकायची आणि शिंकता शिंकता हसायची. दहा महिन्यांत पेटीचे पैसे फिटले. लॅब टेक्निशियनच्या कोर्सची माझी पहिली फी त्या यंत्राच्या कमाईतून भरली गेली.

पुढच्या वर्षी पेटी मोडायची वेळ आली. पेटीतल्या कमलनं बारा हजार घेऊन म्हैस आणली होती. तिचा नवरा उसाच्या ट्रॉलीवरून पडला, पाय मोडला, म्हैस विकावी लागली. चार हप्त्यांनंतर कमल कुणाला न सांगता नवऱ्याला घेऊन नरसिंहपूरला माहेरी निघून गेली. बैठकीत बायका चिडल्या. "पळाली," "आमचं काढून द्या," असं सुरू झालं. बाईंनी सगळ्यांना बोलू दिलं. मग म्हणाल्या, "बुडालं तर माझ्या बचतीतनं भरीन. पण आधी तिला बघून येते." मला सुट्टी होती, त्यांनी मला बरोबर घेतलं.

आम्ही पोचलो तेव्हा कमलची आई म्हणाली, "कमल घरात न्हाय." आतल्या दाराआड साडीचा पदर दिसत होता. बाई ओट्यावर बसल्या. "बरं. पाणी तरी द्या, लांबनं आलोय."

पाणी घेऊन कमलच आली. मान खाली. "बाई, पैसे न्हाईत."

"मी मागितलं का?"

"मग कशाला आला?"

बाईंनी पिशवीतून पाकीट काढलं. "तुझी बचत. बावीसशे हायत. नवऱ्याच्या औषधाला लागतील."

कमल हात पुढं करेना. "माझ्याकडं तुमचं आठ हजार राह्यलंत की."

"कर्ज आमचं हाय, बचत तुझी हाय. दोन्ही येगळ्या गोष्टी. हप्ता चुकला तर चालंल, कमल. बैठक चुकायची न्हाय. न आलेल्या बाईबद्दल बाकीच्या काय पण बोलत्यात."

पुढच्या बैठकीला कमल नरसिंहपूरहून गाडी बदलत आली. तिनं पन्नास रुपये टाकले. माझ्या आईनं सरकून तिला जागा करून दिली. पुरी दोन वर्षं लागली, पण कमलचे आठ हजार फिटले.

नंतर बाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. मी तेव्हा दवाखान्यात नोकरीला लागले होते. त्यांच्या रक्ताचे नमुने मीच घेतले. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडं वही मागितली आणि डाव्या हातानं बाराखडी गिरवायला बसल्या. 'क' आडवा पडायचा. मी म्हटलं, राहू द्या बाई, पेटीचा हिशेब मी लिहीन. त्या म्हणाल्या, "तू लिही की. पण मला वाचून बघायचंय तुझं बरोबर हाय का, आन् चुकलं तर खोडायला हात पायजे."

शेवटी शेवटी त्यांना खुर्चीसकट उचलून ओसरीत न्यावं लागायचं. एका बैठकीत कुणीतरी सुचवलं, पेटीला बाईंचं नाव द्यावं. बाईंची जीभ जड झाली होती, पण प्रत्येक शब्द त्यांनी नीट लावून म्हटला, "नाव देऊ नका. नाव दिलं की फोटो लावताल, फोटोला हार घालताल, आन् हारातच दमून पैसे टाकायचं इसरताल."

बाई मागच्या उन्हाळ्यात गेल्या, शुक्रवारी. दोन दिवसांवर महिन्याचा पहिला रविवार होता. आईनं विचारलं, ह्या वेळी बैठक पुढं ढकलायची का? रविवारी मी नुसतीच पेटीची वही घेऊन ओसरीत गेले. पंधरा मिनिटांत एकतीसच्या एकतीस बायका येऊन बसल्या. बऱ्याच जणींचे डोळे सुजलेले होते. कुणी रडत होतं, कुणी पिशवीत पैसे शोधत होतं. मी पहिलं नाव पुकारलं.