जात्याचा आवाज वगळून

मला लहानपणापासून हौस दांडगी, अक्कल मात्र बेताची. आमच्या गावाशेजारी पिंपरीच्या माळावर औषधांचा कारखाना उभा राहत होता, त्या सुमारास मी पुण्याच्या लष्कर भागात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. रोज सायकलनं जाऊन-येऊन. तिथं एका साहेबाचा टेप रेकॉर्डर दुरुस्तीला आला. तो दुरुस्त झाला, पण साहेब परगावी. मालक म्हणाले, "ने दोन दिवस घरी." मला आभाळ ठेंगणं झालं.

आमच्या घरात नुकतीच वीज आली होती. मी ठरवलं, आईच्या पहाटेच्या जात्यावरच्या ओव्या टेपवर घ्यायच्या आणि त्या रेडिओवरच्या गाण्यासारख्या स्वच्छ यायला हव्यात. पहिल्या पहाटे शेजारच्या खोलीतून चोरून घेतल्या, तर नुसती घरघर. खरं सांगायचं तर आईच्या ओवीतला शब्द आम्हा बापलेकांना कधी कळलाच नव्हता. जातं सगळं गिळायचं.

मग आमचं इंजिनिअरपण सुरू झालं. जात्याखाली गोणपाटाची चौपदरी घडी. खुंटा खडखडत होता, त्याला चिंधीची पाचर. छपराचा पत्रा घुमतो म्हणून चहूकडे गोधड्या टांगल्या. रुमालात गुंडाळलेला माइक आढ्यावरून बरोबर आईच्या तोंडासमोर सोडला.

"ह्ये काय?" आईनं विचारलं.

"दिव्याचं हाय."

"आन् ह्ये गोणपाट?"

"हाताला हिसका बसू नये म्हणून."

"माझ्या हातांची दया आली व्हय लेकाला," असं म्हणून ती हसली. मला तेव्हा लाज वाटली नाही, हे कबूल करतो.

दुसऱ्या पहाटे टेप भरली. सुरुवातीच्या दोन ओव्या लावून बघितल्या आणि मी खोलीत नाचलोच. काय आवाज आला होता! पुढचं ऐकायला सवड नव्हती, दुकान गाठायचं होतं. संध्याकाळी ओसरीवर भावकी जमवली. वडील सुपारी कातरत बसले होते. मी ऐटीत बटण दाबलं. देवाच्या ओव्या झाल्या, माना डोलल्या. चुलते म्हणाले, "रेडिओच की रं." आणि मग:

अंगावर वळ, लेक दारात रडली
बापानं हात धरून माघारी धाडली.

पाय न्हाई घसरला, सया, खोटं सांगू किती
माझ्या मैनेला होती त्या घराची भीती.

माझी थोरली बहीण महाळुंग्याला दिली होती. पाणी शेंदताना पाय घसरून ती विहिरीत गेली, असं चार वर्षं आमच्या घरात सांगत होते. मीही सांगत होतो. ती आधी घरी आली होती, हे मला ठाऊकच नव्हतं. बटण कुठलं तेही सुचेना, आणि टेप चालूच. एकेक अक्षर स्पष्ट, नेमकं मला हवं होतं तसं.

वडिलांच्या हातातला अडकित्ता थांबला होता. कुणीच कुणाकडं बघत नव्हतं. चुलते उठले, त्यांच्यामागून बाकीचे उठले, वहाणा घालून निघून गेले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला पीठ तसंच. मला वाटलं, ती वडिलांकडं बघेल. ती माझ्याकडं बघत होती.

"जात्याचा आवाज कुठं गेला?" तिनं विचारलं.

तो घालवायलाच तर दोन दिवस राबलो होतो. टेप मी पुसून टाकली, पण ऐकलेलं कोण पुसणार? त्या रात्री वडील जेवले नाहीत, आईनं वाढलंही नाही.

सकाळी तिनं जोंधळ्याचा डबा माझ्या सायकलला बांधला. गाठ दोनदा ओढून बघितली.

"गिरणीतनं दळून आण," म्हणाली. "हितनं पुढं घरात दळायचं न्हाई."