तो माझ्या अंगावरून उठला नाही

बाबांना विचारलं तर ते सांगतील की ज्या दिवशी मी अमेरिकेच्या विमानात बसलो, त्या दिवशी माझी कुस्ती सुटली. ते स्वतः काटोलकडच्या गावांतल्या दंगली खेळलेले. मला मातीत त्यांनीच उतरवलं. पुढे मी मॅटवर राज्य पातळीपर्यंत गेलो आणि मग एका अमेरिकन कंपनीनं आपल्याकडची काही पोरं निवडली, त्यात माझा नंबर लागला. त्या कुस्तीत जिंकणारा आधीच ठरलेला असतो, हे मी घरी लगेच सांगून टाकलं होतं. बाबा जेवता जेवता थांबले.

"मंग तुले तिथं करायचं काय राहिलं गा?" त्यांनी विचारलं.

फ्लोरिडात गेल्यावर कळलं की करायचं ते पडायचंच काम. हनुवटी छातीशी घ्यायची, श्वास सोडायचा आणि पाठ अन् तळहात एकाच वेळी आपटायचे, म्हणजे मार सगळ्या अंगात वाटला जातो. आयुष्यभर पाठ टेकू नये म्हणून झटलो होतो, आणि इथं पाठ टेकायचाच पगार होता. दुसरं शिकलो ते समोरच्याला सांभाळणं. आपण ज्याला उचलून आपटतो, त्याचं डोकं आपल्या हातात असतं. तो रात्री धड घरी गेला पाहिजे.

कंपनीनं मला गर्विष्ठ राजपुत्र केलं. मोठा फेटा, खोट्या मोत्यांच्या माळा आणि प्रेक्षकांकडे तुच्छतेनं बघायचं. नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घरात मी वाढलो, फेटा फक्त लग्नात बांधलेला. पण लोक मनापासून शिव्या द्यायचे, म्हणजे काम बरं चाललं होतं. काही वर्षांनी राजपुत्राचा कंटाळा आला बहुतेक, करार वाढवला नाही. तिथला एक मेक्सिकन प्रशिक्षक म्हणाला की माझ्या गावाकडे चल, तिथं तुला कुणी कुठला म्हणून विचारणार नाही.

ते खरं निघालं. मेक्सिकोत मला वाघाचा मुखवटा मिळाला. बाकी सगळं मात्र उलटं होतं. अमेरिकेत डावा हात धरून डाव सुरू होतात, तिथं उजवा धरून. कितीतरी दिवस मी चुकीच्या बाजूला वळून समोरच्याच्या कपाळावर कपाळ आपटत होतो. रिंगही कडक, फळ्यांवर पातळ कापड ताणलेलं. रविवारी घरंच्या घरं यायची, आज्या पहिल्या रांगेत बसून खलनायकाला शिव्या घालायच्या.

माझ्याविरुद्ध बहुतेक वेळा एकच खलनायक असायचा. वयानं माझ्याहून बराच मोठा, चांदीच्या रंगाचा मुखवटा घालणारा. रिंगमध्ये तो माझा मुखवटा ओढायचा, पंचांची नजर चुकवून लाथा घालायचा. कपडे बदलायच्या खोलीत मात्र माझ्या खांद्याला स्वतः मलम लावून द्यायचा. मुखवटा तो तिथंही काढत नसे. त्याचा चेहरा मी कधीच पाहिला नाही.

पुएब्लाजवळच्या एका गावात त्या रविवारी मी जिंकायचं ठरलं होतं. शेवटी मी वरच्या दोरावरून त्याच्यावर उडी मारायची, त्यानं मला झेलून खाली पडायचं आणि मी त्याला चीत करायचं. दोरावर आधीच कुणीतरी बियर सांडली होती. माझा पाय घसरला. मी डोक्यावर येतोय हे त्याला माझ्याआधी दिसलं. तो पुढे झेपावला, त्याचा हात माझ्या मानेखाली आला आणि आम्ही दोघं एकदम आदळलो.

मग मला माझे हात जाणवेनात. दिसत होते, पण कुणा दुसऱ्याचे असावेत तसे पडले होते. आमच्यात एक खूण असते. समोरचा आपली बोटं दाबतो, आपण परत दाबायची, म्हणजे सगळं ठीक. त्यानं माझी बोटं दाबली असावीत. मला ते कळलंच नाही, तर परत काय दाबणार?

"हलू नकोस," तो कानाशी म्हणाला. "मी आहे."

तो माझ्यावर आडवा झाला. बघणाऱ्याला वाटेल की त्यानं मला दाबून धरलंय. खरं तर त्यानं सगळं वजन स्वतःच्या गुडघ्यांवर घेतलं होतं आणि माझं डोकं दोन्ही हातांच्या मध्ये धरून ठेवलं होतं, इकडेतिकडे होऊ नये म्हणून. पंचांनी त्याला विजयी केलं, तरी तो उठेना. लोक खवळले. पडलेल्या माणसावर बसून राहतो म्हणून त्याच्यावर पेले, शेंगांची टरफलं, काय काय येऊन पडलं. एक पेला त्याच्या पाठीवर फुटला आणि थंड पाणी मुखवट्यातून माझ्या गालावर ओघळलं. तो मला हळूहळू सांगत राहिला की डॉक्टर येतोय, स्ट्रेचर येतंय, आता पायऱ्यांपाशी आलं. लोकांकडे त्यानं एकदाही मान वळवली नाही. माझ्या मानेला पट्टा लागला तेव्हाच त्यानं हात सोडले.

रुग्णवाहिकेत उजव्या अंगठ्याला मुंग्या आल्या. मी रडायला लागलो, तर सोबतच्या नर्सला वाटलं की दुखतंय. मला तिला सांगता येईना की दुखतंय म्हणूनच बरं वाटतंय.

मणक्याला मुका मार होता, हाड मोडलं नव्हतं. सकाळपर्यंत दोन्ही मुठी वळत होत्या. तोवर नागपूरला नातेवाइकांच्या ग्रुपवर त्या कुस्तीचा कुणीतरी काढलेला व्हिडिओ फिरून आईपर्यंत पोचला होता. मी व्हिडिओ कॉल केला तेव्हा तिनं आधी मला दोन्ही हात वर करून दाखवायला लावले, पाय हलवून दाखवायला लावले. मग म्हणाली, "तो मुडदा कोन होय? उठून काहून नाही राहिला तुझ्या अंगावरून?"

मी सगळं समजावून सांगितलं. तिला पटलं नाही. तो संध्याकाळी मला बघायला आला तेव्हा मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला की आईशी मीच बोलतो.

दोन दिवसांनी त्यानं आपल्या घरून व्हिडिओ कॉल लावला, मीही त्यात होतो. स्वयंपाकघरात बसला होता, मागे गॅसवर काहीतरी शिजत होतं, अंगात स्वेटर आणि तोंडावर चांदीचा मुखवटा. मी त्याचं बोलणं मराठीत सांगितलं, की माफ करा, तुम्हाला भीती वाटली. आईनं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "याले विचार, जेवला का म्हणा. अन् घरात तरी तोंड काहून झाकून ठेवलं?"

जेवला नव्हता. तोंडाबद्दलचं मी त्याला विचारलं नाही.

मग बाबा पुढे सरकले. इतकी वर्षं माझ्या कामाबद्दल त्यांनी काही विचारलं नव्हतं. आता त्यांना जाणून घ्यायचं होतं की त्याचा कोणता हात मानेखाली गेला, गुडघे कुठं टेकले, कोपर किती लांब होतं. तो उठून फरशीवर गुडघे टेकून दाखवायला लागला. बाबांनी पलंगावरची उशी घेतली आणि नागपुरात तेही तसेच बसले. बरोबर जमेपर्यंत दोघांनी पुन्हापुन्हा करून पाहिलं.

"वजन यानं सोतावर घेतलं," बाबा मला म्हणाले. मग फोनकडे बघून त्यांनी हात जोडले. "वस्ताद."

तिकडेही जुन्या पहिलवानाला माएस्त्रो, म्हणजे वस्तादच, म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे भाषांतर सोपं गेलं.

मी नागपूरला आलो त्याला आता बरेच महिने झाले. इथल्या डॉक्टरांनी पुन्हा एक्स-रे काढले, हातोडीनं गुडघे ठोकून पाहिले आणि सांगितलं की चाला, पोहा, वजन उचला, पण यापुढे पडायचं नाही. मला वाईट वाटेल म्हणून आई-बाबा माझ्याकडे बघत होते. मला मात्र खांद्यांवरून कुणी पोतं उतरवून घेतल्यासारखं वाटलं. सुजलेल्या पाठीनं उठायचं आणि आज कसं पडायचं याचा विचार करायचा, हे इतकी वर्षं चाललं होतं. ते संपलं होतं आणि मी दोन्ही पायांवर उभा होतो.

दवाखान्यातून बाहेर आल्यावर आईला आठवलं की कुकरची रिंग घ्यायची आहे, म्हणून आम्ही सीताबर्डीच्या बाजारात गेलो. गर्दी होती. समोरून पिशव्या घेऊन येणाऱ्या एका माणसाचा खांदा मला जोरात लागला. तो "सॉरी भाऊ" म्हणून पुढे गेला. धक्का लागताच बाबांनी माझा दंड धरला होता, मी नीट उभा आहे हे बघून तो जरा वेळानं सोडला आणि आम्ही भांड्यांच्या दुकानाकडे वळलो.